वर्दीतला चालक आणि हातातला फोन

प्रश्न : गाडी चालवताना फोनवर बोलल्याबद्दल मला दंड झाला आणि तो मी भरला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र काही दिवसांनी पोलिसांच्या गाडीचा चालक चौकात वळण घेताना एका हाताने मोबाइलवर मजकूर लिहीत असल्याचे मी पाहिले. पोलिसांना यातून सूट असते का? त्यांना प्रशिक्षण मिळालेले असल्यामुळे धोका कमी होतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचा विचार आधी करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते, आणि मजकुराची एक ओळ वाचायला तेवढा वेळ सहज लागतो. पोलीस चालकाला वेगात गाडी ताब्यात ठेवायला शिकवलेले असते हे खरे. पण न पाहिलेल्या पन्नास मीटरांत रस्त्यावर उतरलेले मूल त्या कौशल्याला दिसणार कसे? शिवाय प्रश्न केवळ नजरेचा नाही. रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी कॅनडातील टोरांटोच्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ साली दाखवून दिले, की फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणारी उपकरणे वापरल्याने तो कमी झाल्याचे आढळत नाही. मन संभाषणात गुंतले, की डोळे रस्त्यावर असूनही समोरचे ध्यानात येत नाही, आणि हे वर्दी पाहून घडत नाही.

आता सवलतीबद्दल. तातडीच्या कामावर असलेल्या पोलीस वाहनाला वेगमर्यादा किंवा लाल दिवा ओलांडण्याची मुभा अनेक देशांत असते आणि ती योग्यच आहे. बिनतारी संदेशयंत्रणेचा वापरही बहुधा वेगळा धरला जातो. पण या सवलतींमधून खासगी मजकूर लिहिण्याची परवानगी निघत नाही. भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०-ब आणले, ज्यानुसार कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच त्याखालील गुन्हा केल्यास दंड दुप्पट होतो. ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते.

अडचण आहे ती हा दंड आकारायचा कोणी, ही. पोलीस वाहनाचा अपघात झाला, की गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण आणि संगणकाच्या नोंदी त्याच खात्याच्या ताब्यात असतात. नुसत्या कॉलच्या नोंदी मागवून भागत नाही, कारण चालक गाडीतल्या संगणकाच्या पडद्यावर टंकत होता का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून या नोंदी त्याच दिवशी सुरक्षित केल्या जाव्यात आणि चौकशी खात्याबाहेरच्या यंत्रणेकडे असावी, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. पडद्यावरचे काम शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने करावे, हा नियम तर खात्याला आजही घालता येईल.

आपण जे पाहिले त्याची लेखी तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अवश्य करा. गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि गाडीची दिशा लिहा, पोच घ्या, आणि चौकातील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा, कारण जुने चित्रण ठरावीक काळाने पुसले जाते. पुरावा म्हणून स्वतः गाडी चालवताना मोबाइलवर चित्रीकरण मात्र कृपया करू नका; सोबत कोणी असल्यास त्यांना क्रमांक टिपायला सांगा.