लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेव

प्रिय डॉक्टर,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पाहिला. सत्तरीच्या आजी, रक्तातलं सोडियम ११२ म्हणजे खूपच कमी, चार-पाच दिवसांपासून मरगळ, पण हाक मारली की नीट उत्तर देतात, झटके नाहीत. सोडियम झपाट्याने चढवणारं, जास्त मिठाचं ‘तीन टक्के सलाइन लावू का?’ असं विचारलंस आणि माझं उत्तर आलं नाही म्हणून ते न लावता दर चार तासांनी सोडियम पाठवलंस. चांगलं केलंस.

असा आकडा पाहिला की हात शिवशिवतात. झटके येत असते किंवा शुद्ध हरपत असती, तर मीच म्हटलं असतं की १०० ते १५० मिली दहा-वीस मिनिटांत दे, बाकीचा विचार नंतर. पण ४८ तासांहून जास्त काळ हळूहळू उतरलेल्या सोडियमशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. ते भरभर चढवलं की मायलिनची, म्हणजे मेंदूतल्या मज्जातंतूंवरच्या आवरणाची, हानी होते, आणि ती लगेच दिसतही नाही. रुग्ण आधी तरतरीत होतो, नातेवाईक खूश होतात, मग काही दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून २४ तासांत सोडियमची वाढ ८ च्या वर जाऊ द्यायची नाही.

तुझ्या मेसेजमध्ये एक गोष्ट नव्हती: गोळ्या. ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ यावर समाधान मानू नकोस, स्ट्रिप मागवून घे. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि त्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे सोडियम उतरवू शकणारं थायझाइड गटाचं लघवी वाढवणारं औषध, लपलेलं असतं. नैराश्याच्या गोळ्यांनीही सोडियम उतरतं, पण त्यांच्याबद्दल तर वेगळंच विचारावं लागतं, आपणहून फार थोडे लोक सांगतात. शुगर पाहिलीच असशील. ती खूप वाढलेली असेल तर सोडियम आपोआप कमी दिसतं.

लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती घट्ट आहे याचं माप) आणि सोडियम सलाइन सुरू करण्याआधी घेतलेलं बरं. आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) यांचे रिपोर्ट आल्याशिवाय केसपेपरवर ‘एसआयएडीएच’, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हार्मोन नको तेवढं स्रवण्याचा विकार, असं लिहू नकोस. हे लेबल चिकटलं की पुढचा कोणी शोधत नाही.

आता माझी चूक सांगतो. अशाच एका बाईंची थायझाइड बंद केली, पोटॅशियम कमी होतं म्हणून तेही भरलं. रात्री लघवीची पिशवी भरभर भरत होती. मला वाटलं, किडनी छान चालली आहे! सकाळी सोडियम १४ ने वर. पाणी धरून ठेवणारं कारण गेलं की किडनी साठलेलं पाणी भराभर बाहेर टाकते, आणि भरलेलं पोटॅशियमही सोडियम वर नेतं, हे पुस्तकात वाचलेलं असूनही डोक्यात आलं नाही. डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) आणि लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिन देऊन सोडियम परत खाली आणलं. बाई बऱ्या झाल्या. मी मात्र मेंदूला इजा झाली नाही ना हे बघायला दोन आठवडे रोज त्यांना जीभ बाहेर काढायला लावत होतो.

तुझ्या आजींची लघवी ताशी किती होते ते बघ. १०० मिलीच्या वर गेली असेल तर संध्याकाळच्या राउंडची वाट न बघता सोडियम आत्ताच पाठव, आणि मेसेज नको, फोन कर.