तर्कशुद्ध विचार करायची सवय कशी लावावी?

आपलं म्हणणं खोटं कशाने ठरेल, ते आधी शोधा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं १९६६ मधलं कोडं करून बघा. चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे अंक. नियम: स्वराच्या मागे सम अंकच असतो. हे खरं की खोटं तपासायला कोणते पत्ते उलटाल?

बरेच जण अ आणि ४ म्हणतात. मीही तेच म्हटलं होतं! पण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. व्यंजनामागे सम अंक नसावा असं कुठे म्हटलंय? ७ च्या मागे स्वर निघाला की मात्र नियम गेला. म्हणून अ आणि ७. ‘रस्ता ओला, म्हणजे पाऊस पडला’ यातही तीच गफलत. पाइप फुटला असेल तर?