यंत्र-शंका : जुना डिझेल वेल्डिंग सेट घेताना

प्रश्न : गुहागर तालुक्यात सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) आमची हापूस आणि काजूची बाग आहे. विजेचा खांब बागेपासून लांब. घरीही पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. गेट, टाकीचे स्टँड, पॉवर टिलरचे तुटलेले भाग, माकडांमुळे घालावे लागणारे कुंपण अशी कामे सारखी निघतात आणि वेल्डर वेळेवर येत नाही. वेल्डिंग मला येते. एक कंत्राटदार रस्त्याच्या कामावरचा ३०० अँपिअरचा, दोन सिलिंडरचा जुना डिझेल वेल्डिंग सेट विकतो आहे. इंजिन खणखणीत वाजते. घ्यावा का? त्यावर घर चालेल का? – एक बागायतदार

उत्तर : तुम्ही इंजिनाच्या आवाजाबद्दल लिहिलेत, करंटबद्दल एक शब्द नाही. जुना सेट बघायला जाणारे बहुतेक जण असेच करतात. माझे सांगणे नेमके उलटे आहे : इंजिन शेवटी बघा. डिझेल इंजिनाचा मिस्त्री आपल्याकडे प्रत्येक बंदराला आणि बाजाराच्या गावाला आहे, रिंगा-नोझल रत्नागिरी-चिपळुणात मिळतात. सेटमधल्या जनरेटरचे वाइंडिंग, म्हणजे करंट तयार करणाऱ्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या, गेले तर तांब्याचा भाव, मजुरी आणि भरवशाचा रिवाइंडिंगवाला हे सगळे धरून सेटच्या निम्म्या किमतीला हात लागतो.

आणि किनाऱ्यावर आधी वाइंडिंगच जाते. खारी हवा, त्यात चार महिन्यांचा दमटपणा. जेटीच्या कामावर पडून असलेल्या सेटचे टर्मिनल हिरवे पडलेले दिसतील, सॉकेटच्या आतल्या पट्ट्याही. एवढे साफ करता येते. पण पुरात बुडालेला सेट वेगळा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा वर्कशॉप आणि गोदामांतली किती यंत्रे पाण्याखाली गेली ते मी इथेच राहून पाहिले आहे. अशा यंत्राचे ऑइल बदलतात, टाकी धुतात, रंग मारतात, इंजिन सुरू होते. गाळ मात्र वाइंडिंगमध्ये राहतो. म्हणून सोबत स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च न्या. जनरेटरच्या टोकाची जाळी उघडा आणि गुंडाळ्यांच्या खाचेत बोट फिरवा. कोरडी धूळ करडी, हलकी असते, फुंकली की उडते. पुराचा गाळ पिठासारखा बारीक, चिकटून बसलेला असतो. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. आतल्या स्क्रूंच्या चिरा आणि वायरींच्या जुडग्याची खालची बाजूही बघा, तिथे कोणी रंग मारत नाही. गुंडाळ्यांवरच्या वार्निशची चकाकी जाऊन ते पांढुरके झाले असेल तर सेट तिथेच सोडा.

कार्बन ब्रशचा सेट असेल तर कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, बघा. सगळीकडे सारखा चॉकलेटी रंग चांगला. काही पट्ट्या काळ्या, जळलेल्या किंवा खोल चरे पडलेल्या असतील तर आतून दोष आहे, नुसते ब्रश बदलून भागणार नाही. गावातल्या मोटर-रिवाइंडिंगवाल्याला सोबत घ्या, त्याच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगमधून करंट बॉडीत गळतो का ते मोजणारे यंत्र) असतो. इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर त्याच्या वायरी आधी सोडवायच्या. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात एक मेगओहमपेक्षा कमी आले तर तसा सेट घेऊ नका. नुसती ओल असेल तर वाळवून आकडा वर येतो. तो वर आणून दाखवणे विकणाऱ्याचे काम, तुमचे नाही.

मग खरी परीक्षा. घरून जाड पट्टी आणि आठ नंबरच्या (सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या) रॉडचे पाकीट न्या. १५० अँपिअरच्या आसपास लावून वीसेक मिनिटे एकामागून एक रॉड जाळा. मशीन गार असताना आर्क (रॉड आणि पट्टीमधली वेल्डिंगची ज्योत) सगळेच सेट धरतात. गरम झाल्यावर आर्क तुटायला लागला, करंट आपोआप उतरला किंवा वार्निशचा वास आला, तर सौदा मोडा. फार दिवस बंद असलेला सेट कधी कधी करंटच देत नाही. तो जळलाच असेल असे नाही, आतले चुंबकत्व गेलेले असू शकते. जाणकार माणूस १२ व्होल्टची बॅटरी लावून ते परत आणतो. पण हे काम पैसे देण्याआधी झाले पाहिजे.

इंजिनाबद्दल थोडक्यात. तुम्ही पोचण्याआधी ते चालवलेले नसावे, हात लावून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल म्हणजे पाणी मिसळते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराने वाफारा आला तर रिंगा झिजल्या आहेत. गरम झाल्यावर बंद करून पुन्हा स्टार्ट करून घ्या. तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, त्याची वायर कोणीही काढू शकतो.

आता ३०० अँपिअर. तुमची कामे दहा नंबरच्या (सव्वातीन मिलिमीटरच्या) रॉडची, म्हणजे १००-१२० अँपिअरची. क्वचित आठ नंबर. '२०० अँपिअर, ६० टक्के' लिहिलेला सेट दहा मिनिटांत सहा मिनिटे पूर्ण करंट देतो, तुम्हाला तो भरपूर झाला. मोठे इंजिन कायम हलक्या लोडवर चालवले की डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो आणि सायलेन्सरमधून काळे तेल गळते. शिवाय वजन. पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) किंवा दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) तो सेट बागेत नेणार कसा, याचा विचार सौद्याआधी करा. माझे स्पष्ट मत : साडेसात केव्हीएचा चांगला डिझेल जनरेटर आणि त्यावर २०० अँपिअरचा इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन ही जोडी तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. मशीन हातात उचलता येते आणि दोघांतले एक बिघडले तरी दुसरे कामाचे राहते. महिन्याचे बरेच दिवस सलग वेल्डिंग असते तर मी डिझेल सेटच घ्या म्हटले असते.

घर चालेल. वेल्डिंग बंद असताना सेटच्या सॉकेटवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ येतात का, ते मोजून घ्या. बाहेरून आलेल्या जुन्या जपानी सेटवर १०० व्होल्टचे सॉकेट असते, त्यावर घरचा पंप लावू नका. आणि चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा सेटलाच जोडणारा स्विच) बसवल्याशिवाय घराला जोडायचेच नाही. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती आणि वायरमन खांबावर चढून काम करत होते. तुमचा करंट उलटा लाइनवर गेला तर वर चढलेला माणूस जाईल.

सड्यावर अर्थिंग नीट लागत नाही, कारण जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. कोळसा-मीठ घालून खोल खड्डा करा आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहा. त्याच दिवसांत ठिणगीने गवत पेटते. काम करण्याच्या जागेभोवती गवत साफ करा, पाण्याचे पिंप जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. काजूची बाग वणव्यात गेली तर पुढची कित्येक वर्षे जातात.

प्रश्न : पावसाळ्यात रॉड चिकटतात, आर्क फुटतो. उन्हात वाळवले तर चालतील? – हर्णै

उत्तर : साध्या ६०१३ जातीच्या रॉडला हलकी ओल लागली असेल तर ऊन चालते, पण आपल्या जुलैत ऊन कुठून येणार? ११० अंशांवर तासभर भाजा, त्याहून जास्त नको, कारण त्या रॉडच्या लेपाला थोडी ओल लागतेच. ७०१८ या जास्त मजबूत जोडाच्या रॉडचे वेगळे आहे : त्याला ३०० ते ३५० अंश लागतात, घरच्या ओव्हनमध्ये ते होत नाही. तो गरजेपुरताच, सीलबंद पाकिटातला आणा. लेपाचे तुकडे पडत असतील किंवा आतल्या तारेला गंज दिसत असेल तर भाजूनही उपयोग नाही. उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका. वेल्डिंग चालू नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात.