मुलीची आई क्लच धरणार कोणत्या हातात?

प्रश्न : डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. रिसेप्शनला परदेशी ब्रँडची एक चांगली पर्स घ्यायचं मनात आहे, तीन लाखांपर्यंत तयारी आहे. भाचा म्हणतो, 'मावशी, खड्यांचा क्लच (हातात धरायची बिनपट्ट्याची छोटी पर्स) घे. अशा पर्सची किंमत वाढतच जाते, सोन्यासारखी गुंतवणूक आहे.' हे म्हणतात, मग सोनंच घे की! कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पैशांच्या बाबतीत यजमानांचं ऐका. पर्सच्या बाबतीत दोघांचंही ऐकू नका.

भाच्याने कुठे वाचलं असेल ते मला कळलं. शनेल या फ्रेंच ब्रँडची मधल्या आकाराची फ्लॅप (झाकणाची) बॅग अमेरिकेत 2019 मध्ये सहा हजार डॉलरच्या आत मिळायची, 2023 मध्ये ती दहा हजारांच्या वर गेली. पण ही दुकानाने विकायची किंमत झाली, तुमच्या हातात पडायची नव्हे. सोन्याचं वेढणं सराफाकडे नेलं की त्या दिवशीचा भाव भिंतीवर लिहिलेला असतो. पर्सला आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं. ते कोपरे चाचपणार, बिल मागणार, डबा मागणार, मग मधला माणूस कमिशन कापणार. शिवाय ही वाढ एका ठरावीक, बारा महिने खपणाऱ्या चामड्याच्या बॅगेची. सॅटिनच्या पर्सा आणि खड्यांचे क्लच तिच्या रांगेत बसत नाहीत.

मी पर्स दुरुस्त करते, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त रडवतात ते हे खड्यांचे क्लच. या प्रकारातलं मोठं नाव ज्युडिथ लीबर. बाई बुडापेस्टात काम शिकल्या, नाव काढलं न्यूयॉर्कमध्ये. 1967 साली त्यांच्या धातूच्या पर्सचं सोनेरी पाणी डागाळलेलं आलं, ते झाकायला त्यांनी वरून खडे बसवले आणि त्यातूनच ही सगळी चमचम सुरू झाली. जुनी लीबर कुठे दिसली तर आत छोटा कंगवा, आरसा आणि चिल्लर ठेवायचं पाकीट आहे का बघा. तिन्ही असतील तर पर्स जपून वापरलेली समजा. पण एक खडा जरी निखळला तरी त्याच मापाचा, त्याच झळाळीचा दुसरा मिळता मिळत नाही. बसवलेला नवा खडा शेजारच्यांत लगेच ओळखू येतो. आणि पैठणीच्या पदराला खड्यांची कड लागली की जरीचा धागा ओढला गेलाच म्हणून समजा. मोबाइल तर त्यात मावतच नाही.

मुख्य म्हणजे तुम्ही मुलीची आई! एका हातात आहेराची पाकिटं, दुसऱ्या हाताने विहीणबाईंना स्टेजवर न्यायचं. क्लच धरणार कोण? 1955 च्या फेब्रुवारीत कोको शनेलने आपल्या 2.55 बॅगेला खांद्यावर अडकवायची साखळी लावली, ती हात मोकळे राहावेत म्हणूनच. तेव्हा साखळीचीच घ्या. काळी किंवा गडद मरून, दाणेदार चामड्याची. लॅम्बस्किन, म्हणजे कोकराचं चामडं, हाताला लोण्यासारखं लागतं खरं, पण बांगडी घासली तरी चरा उठतो.

वापरलेली घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, हातात घेऊन बघा. शनेल असेल तर मागच्या खिशावरच्या शिलाईच्या चौकटी मुख्य भागाच्या चौकटींशी रेघेला रेघ जुळल्या पाहिजेत. 2021 पासूनच्या बॅगेत धातूची चिप असते, त्याआधीच्यांत नंबराचं स्टिकर आणि कार्ड. नंबर जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, नकली माल करणारे कार्डही छापतात. चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवा, रंग चढवून लपवलेली झीज तिथे खरखरीत लागते. आणि नाक आत घाला! कुबट वास एकदा मुरला की तो काढायचा उपाय माझ्याकडेही नाही.

दुबईहून कोणी आणतंय असं असेल तर कस्टम ड्यूटी हिशेबात धरा. मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची असेल तर साइटिसची (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात. ती नसतील तर पर्स विमानतळावरच राहील.

तीन लाख पुरे खर्चायलाच हवेत असं नाही. उरले तर वेढणं आहेच.

प्रश्न : सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली महागडी पर्स कपाटातच होती. परवा काढली तर आतलं अस्तर चिकट होऊन पापुद्रे सुटताहेत. न वापरता कशी खराब झाली?
— एक वाचक, वसई

उत्तर : न वापरल्यानेच! अस्तरावर पॉलियुरेथेनचा थर असला की हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू विरघळायला लागतो, आणि तुमच्याकडची हवा म्हणजे विचारूच नका. पुसून काही होणार नाही, अस्तरच बदलून घ्या. बाहेरचं चामडं धड असेल तर खर्च वाया जात नाही.

पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, आत पांढरा कागद चुरगळून भरा (वर्तमानपत्र नको, शाई लागते). साखळी वेगळी गुंडाळा, नाहीतर चामड्यावर तिचे वळ उमटतात. डांबरगोळ्या अजिबात नकोत. श्रावणात उघडीप मिळाली की पर्स पंख्याखाली तासभर उघडी ठेवा, उन्हात नको.

प्रश्न : आजेसासूबाईंची चांदीच्या जाळीची छोटी पर्स आहे. सराफ वजनावर घ्यायला तयार आहे. मोडीत काढू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. आधी चांदीच आहे का ते बघा. चौकटीच्या आतल्या बाजूला 925 किंवा सिंहाचा छोटा शिक्का शोधा. जर्मन सिल्व्हर असेल तर त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नाहीच. मग सराफ तरी काय देणार!

पर्स उजेडासमोर धरा. कुठे कड्या उघडल्या असतील तर जाळीतून मोठं भोक दिसेल, तेवढ्याच कड्या बसवून घ्या. चौकटीची बिजागरी सैल असेल तर तीही. चांदी चकचकीत करायच्या द्रावणात मात्र बुडवू नका, ते जाळीत अडकून राहतं. मऊ कापडाने पुसली तरी पुरे, कोपऱ्यांतला काळपटपणा शोभतोच. अस्तर जीर्ण झालं असेल तर जुन्या रेशमी ब्लाउजपीसचा तुकडा चालेल, फक्त रंग जात नाही ना ते आधी ओल्या फडक्याने घासून बघा.