सशाने धोत्रा खाल्ला, त्याला काही झालं नाही, मग तो विषारी कसा?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमच्या सशाने परसातल्या धोत्र्याची चार-पाच पानं खाल्ली, आम्ही घाबरलो पण तो मस्त उड्या मारतोय. सासूबाई म्हणतात, मग काही विषारी नाही, राहू दे झाड. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, काय करू?

उत्तर: ताई, आधी ते झाड उपटा, हातमोजे घालून, आणि काटेरी बोंडं फुटून बी सांडायच्या आत. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन असे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली विषारी रसायनं, असतात. बऱ्याच सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिनचे दोन तुकडे करणारं एन्झाइम असतं, आणि तुकडे झाले की विषाचा जोर संपला. पण हे आनुवंशिक आहे, सगळ्याच सशांत नसतं, त्यामुळे उद्या दुसरा ससा आणलात तर तो आजारी पडू शकतो. (याच कारणाने सशाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही औषध म्हणून अ‍ॅट्रोपिनऐवजी बहुतेकदा ग्लायकोपायरोलेट हे दुसरं औषध देतो, कारण अ‍ॅट्रोपिन टिकतच नाही.) माणसाच्या रक्तात हे एन्झाइम नाही. आपलं लिव्हर थोडंफार मोडतं, बराचसा भाग तसाच लघवीतून जातो, आणि तोपर्यंत तोंडाला कोरड, अंग लालबुंद आणि तापलेलं, बुबुळं मोठी, छातीत धडधड, मूल हवेतलं काहीतरी पकडायला हात मारत बसतं. ते बघवत नाही हो.

खुळखुळा नावाच्या झाडाचं तर उलटच. वाळल्या शेंगेत बी खुळखुळतं ना, तोच. त्यातल्या अल्कलॉइडपासून खरं जहाल विष आपलं स्वतःचं लिव्हर तयार करतं. गाय-घोड्याला ते बाधतं, शेळ्या-मेंढ्या बऱ्याच तग धरतात, कारण त्यांचं लिव्हर वेगळं वागतं आणि पोटातले जंतूही विष मोडायला मदत करतात. 1970 च्या दशकात सरगुजा भागात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळलं आणि ते खाऊन लोकांच्या पोटात पाणी झालं, बरेच जण दगावले. म्हणून जनावराने खाल्लं म्हणजे आपल्याला चालतं, हा हिशोब सासूबाईंना प्लीज सोडायला सांगा.

मुलाने कधी चुकून तोंडात घातलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, तोंडातलं काढा, पान किंवा बोंड पिशवीत घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा, तो खेळत असला तरी.