रतन टाटांना लाज कशाची वाटत होती?

तुम्ही विचारलंय की ‘झोपडपट्ट्यांची लाज वाटायला हवी’ असं रतन टाटा म्हणाले होते, तर आमच्या निवेदनात वस्त्या हटवण्याच्या बाजूने त्यांचं नाव घेता येईल का? नाही. ते याच्या जवळपास उलट बोलले होते.

प्रसंग एप्रिल 2020 चा. बांधकाम आणि रचनेच्या भवितव्यावर एक ऑनलाइन चर्चा होती. धारावीत नुकताच करोना शिरला होता. बातम्यांच्या मथळ्यांत एवढंच उरलं की झोपड्यांबद्दल बिल्डर-आर्किटेक्टांनी शरम बाळगावी. मथळ्यावरच थांबलेल्या वाचकाला वाटलं, झोपड्या म्हणजेच शरम, म्हणजे त्या काढून टाका.

प्रत्यक्षात त्यांचा रोख झोपड्या ‘काढण्याच्या’ पद्धतीवर होता. माणसं उचलून 20-30 मैल लांब नेऊन टाकायची, जिथे त्यांना काम नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर महागडी घरं बांधायची. आणि पुनर्वसन म्हणून जे उभं राहतं त्या उभ्या झोपडपट्ट्याच, असं ते म्हणाले. स्वतः कॉर्नेलचे वास्तुशास्त्राचे पदवीधर, त्यामुळे हे आपल्याच व्यवसायाला सुनावणं होतं. वस्तीत राहणाऱ्यांना त्यांनी दोष दिला नव्हता.

‘उभी झोपडपट्टी’ हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर मुंबईत मानखुर्द-गोवंडीला एकदा जाऊन या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या तिथल्या पुनर्वसन वसाहती. दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 2018 च्या एका अभ्यासात तिथल्या अंधाऱ्या, कोंदट घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध दिसून आला. या वसाहतींत मुख्यतः रस्ते-रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेली कुटुंबं आहेत. टाटांचा लांब नेऊन टाकण्याचा मुद्दा अशा वसाहतींना लागू पडतो.

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत मात्र बहुतेकदा त्याच जागी घर मिळतं, हा फरक विसरू नका. 1995 पासूनचं गणित असं: बिल्डर पात्र झोपडीधारकाला फुकट घर देतो (आधी 225 चौरस फुटांचं, मग 269, आता 300) आणि बदल्यात विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घेतो. पैसा विक्रीच्या इमारतीत, म्हणून चांगली, मोकळी बाजू तिला जाते आणि पुनर्वसनाच्या इमारती एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटवल्या जातात. कित्येक आराखडे मी पाहिले आहेत; विक्रीचा टॉवर कुठला आणि पुनर्वसन कुठलं, हे नावं न वाचताही ओळखता येतं. माझ्या मते टाटांच्या टीकेतला सर्वांत नेमका भाग हाच होता आणि मथळ्यांत नेमका तोच गळला.

बरं, त्याच महिन्यात करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेबद्दल त्यांच्या नावावर एक खोटा मजकूर फिरत होता. तो आपण बोललो नाही की लिहिला नाही, असं त्यांना स्वतः 11 एप्रिलला ट्विटरवर सांगावं लागलं. आता ते नाहीत, ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. खुलासा करायला कोणी येणार नाही, म्हणून आपणच जपून उद्धृत करायला हवं.

तुमच्या निवेदनात त्यांचा उल्लेख ठेवायचाच असेल, तर ‘लाज’ हा शब्द एकटा वापरू नका. त्याच्या शेजारी लांबची घरं आणि उभ्या झोपडपट्ट्या हे दोन्ही मुद्दे लिहा. आणि वस्ती हटवण्याची मागणी करायची असेल, तर तिला टाटांच्या नावाचा आधार देऊ नका.