स्वातंत्र्यासाठी बंड करणारे पुढे सरकारी फौजेत अधिकारी झाले, की त्यांचं काय होतं? ग्रीसमधलं एखादं उदाहरण सांगाल का?

मला लगेच आठवतो तो यान्निस माक्रियान्निस. जन्म १७९७ चा. आई रानात सरपणाला गेली होती, तिथेच बाळंत झाली आणि मोळी नि बाळ घेऊन घरी आली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. उंचपुरा म्हणून नावच पडलं ‘लांब यान्निस’.

१८२१ च्या उठावात तो तुर्कांविरुद्ध उतरला. १८२५ मध्ये लेर्नाच्या गिरण्यांपाशी तुर्कांच्या मदतीला आलेली इब्राहिम पाशाची इजिप्शियन फौज थोपवताना हात जायबंदी झाला. पुढच्या वर्षी अथेन्सच्या अक्रोपोलिस किल्ल्याला तुर्कांचा वेढा पडला. किल्ल्याचा सरदार गुरास याच्यासोबत एका संध्याकाळी तो जेवायला बसला, आग्रह झाला म्हणून गायलाही. गुरास त्याच रात्री पहाऱ्यावर गोळी लागून गेला. काही दिवसांनी माक्रियान्निसला एकाच दिवसात तीन जखमा झाल्या. डोक्याच्या जखमेने त्याला मरेपर्यंत छळलं. त्याचं तंतुवाद्य, तंबुरास (आपल्या तंबोऱ्याचा नावाने भाऊबंद) अथेन्सच्या संग्रहालयात आहे.

१८२८ मध्ये नव्या ग्रीसचा प्रमुख कापोदिस्त्रियास याने त्याला पेलोपोनीस या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात अधिकारी नेमलं. तिथल्या आर्गोस गावी असताना, बत्तिसाव्या वर्षी, हा माणूस अक्षरं गिरवायला लागला. डोळ्यांदेखत घडलेलं लिहून ठेवायचं होतं म्हणून. मला तो इथे सगळ्यात मोठा वाटतो.

नंतर बव्हेरियाचा ओटो राजा झाला. १८३३ मध्ये त्याच्या कारभाऱ्यांनी जुन्या लढवय्यांची पथकं मोडली, कित्येक जण भाकरीला महाग झाले. माक्रियान्निसला स्वतःला हुद्दा होता, पण सोबत्यांची ही दैना त्याला सोसवेना. राज्यघटनेसाठी त्याने गुपचूप माणसं शपथेने बांधली. ३ सप्टेंबर १८४३ च्या रात्री कटाचा सुगावा लागून त्याच्या घराला शिपायांचा गराडा पडला. तिकडे घोडदळाचा कालेर्गिस फौज घेऊन राजवाड्यावर गेला. राजाला घटना कबूल करावी लागली.

दहा वर्षांनी माक्रियान्निसवर राजाविरुद्ध कटाचा आरोप ठेवून फाशीची शिक्षा झाली, मग ती सौम्य केली. १८५४ मध्ये सुटला तो कालेर्गिसमुळेच. कालेर्गिस तेव्हा युद्धमंत्री होता. ओटो पदच्युत झाल्यावर हुद्दा परत मिळाला, पण १८६४ मध्ये तो गेलाच.

त्याची आठवणींची वही एका पत्र्याच्या डब्यात पडून होती. व्लाखोयान्निस नावाच्या संशोधकाला ती १९०१ मध्ये मिळाली. ना विरामचिन्हं, ना शब्दांत अंतर. नुसती लावून घ्यायलाच त्याला सतरा महिने लागले.